रिकाम्या खाणी, कोंडलेली हवा आणि शेतकऱ्याची जमीन

वीज ही धान्यासारखी कणगींत भरून ठेवतां येत नाहीं, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. ज्या घटकेस ती निर्माण होते त्याच घटकेस ती कोठें तरी खर्चिली गेली पाहिजे. जोंपर्यंत सारी वीज कोळशावर होत होती तोंपर्यंत ही अडचण फारशी जाणवत नव्हती; मागणी वाढली कीं भट्टींत कोळसा अधिक घालावा, इतकेंच काम असे. परंतु आतां सूर्याच्या उन्हावर व वाऱ्यावर वीज करण्याचें प्रमाण दर वर्षीं वाढत आहे, आणि सूर्य कांहीं कोणाच्या मागणीप्रमाणें तापत नाहीं. भर दुपारीं वीज उतू जाते, आणि शहरांतील दिवे लागण्याच्या वेळीं सूर्य मावळलेला असतो. चंद्रपूरचें औष्णिक वीजकेंद्र २,९२० मेगावॅटचें आहे. त्याचे संच दुपारीं मंद करावयाचे आणि सायंकाळीं पुन्हां तापवावयाचे, ही ओढाताण यापुढें वाढतच जाणार. आणि एवढ्या मोठ्या भट्ट्या घरांतल्या चुलीसारख्या वाटेल तेव्हां विझवितां व पेटवितां येत नाहींत.

म्हणून वीज सांठविण्याच्या निरनिराळ्या युक्ति सध्यां जगभर चालू आहेत. त्यांपैकीं एक युक्ति अशी कीं, दुपारच्या फाजील विजेनें यंत्रें चालवून हवा दाबावी, ती जमिनीच्या पोटांतील पोकळींत कोंडावी, आणि सायंकाळीं ती सोडून तिच्या जोरावर चक्र फिरवून वीज परत मिळवावी. खाणींचा जिल्हा म्हटला कीं ही युक्ति ऐकणाऱ्याच्या मनांत पहिला विचार येतो तो हा, कीं चांद्याखालीं पोकळ्यांस काय तोटा! आमच्या कांहीं सभासदांनींही आम्हांस तसें विचारलें आहे. या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देण्यासारखें नाहीं, आणि त्यांत शेतकऱ्याच्या जमिनीचा व विहिरीचा संबंध येत असल्यामुळें कोणी कंपनी नकाशे घेऊन दारीं येण्यापूर्वींच त्याचा विचार व्हावा, असें आम्हांस वाटतें.

सह्याद्रीकडील लोकांस ही हवेची युक्ति शोधण्याची गरज नव्हती. तेथें घाटघर येथें २५० मेगावॅटचें केंद्र २००८ सालापासून आहे. फाजील वीज असेल तेव्हां खालचें पाणी सुमारें चारशे मीटर उंच कड्यावर चढवावयाचें, आणि गरज पडली कीं तेंच खालीं सोडावयाचें. भिरा येथेंही याच रीतीचा १५० मेगावॅटचा संच आहे. पण आमच्या वर्धा-वैनगंगेच्या खोऱ्यांत असा कडा कोठून आणावा? पूर्वेकडे डोंगर आहेत ते वनाचे. तेव्हां उंचीऐवजीं खोलीचा उपयोग करावा, हा विचार आमच्याकडे सुचणें अगदीं स्वाभाविक आहे. त्याची थट्टा करण्याचें कारण नाहीं.

ही गोष्ट कल्पनेंतली नव्हे. उत्तर जर्मनींत हुंटोर्फ येथें १९७८ सालीं असें पहिलें केंद्र सुरू झालें. सहाशे मीटरांहून अधिक खोल मिठाच्या थरांत पाणी सोडून, मीठ विरघळवून, दोन प्रचंड पोकळ्या केल्या. दोहोंचें मिळून आकारमान सुमारें ३ लक्ष १० हजार घनमीटर. त्यांत वातावरणाच्या दाबाच्या पंचेचाळीस ते सत्तर पट दाबानें हवा भरतात, आणि तीवर मूळचें २९० मेगावॅटचें यंत्र दोन-तीन तास चालत असे. अमेरिकेंत आलाबामा प्रांतीं मॅकिंटॉश येथें १९९१ सालीं ११० मेगावॅटचें दुसरें केंद्र झालें. तें एकदां भरलें कीं २६ तास पुरतें. त्यानंतर तीस वर्षें मोठें काम असें फारसें झालें नाहीं. अलीकडे चीन देशानें त्यांत मोठी उडी घेतली आहे. जिआंग्सू प्रांतांत जिनतान येथें २०२२ सालीं ६० मेगावॅटचें, आणि हुबेई प्रांतांत यिंगचेंग येथें २०२४ सालीं ३०० मेगावॅटचें केंद्र विजेच्या जाळ्यास जोडलें गेलें. हीं दोन्हीं मिठाच्या जुन्या खाणींतच आहेत.

येथें एक बारकी गोष्ट सांगितली पाहिजे, कारण साऱ्या धंद्याचा नफा-तोटा तिच्यावर अवलंबून आहे. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाची नळी तापते, हें प्रत्येकानें हातानें अनुभविलें आहे. हवा दाबली कीं तापते, आणि सोडली कीं गार पडते. पोकळींतून एकदम सोडलेली हवा इतकी थंड होते कीं यंत्रांत बर्फ धरेल. म्हणून जर्मनींत व अमेरिकेंत ती सोडतांना वायु जाळून तापवितात. हुंटोर्फचा हिशेब पाहिला तर एक युनिट वीज हातीं येण्यास सुमारें ०.८ युनिट वीज आणि त्याखेरीज १.६ युनिट इतकी उष्णता देणारा वायु लागतो. हा सौदा उसनवारीपेक्षां महागच म्हणावयाचा. चीनमधील नव्या केंद्रांत हवा दाबतांना निघालेली उष्णता वेगळी सांठवून ठेवतात व सायंकाळीं तीच परत देतात. त्यामुळें वायु जाळावा लागत नाहीं. आमच्याकडे कोणी अशी योजना मांडली तर पहिला प्रश्न हाच विचारावा, कीं उष्णतेचें काय करणार?

आतां चांद्याकडे वळूं. आमच्या पायांखालीं मीठ नाहीं. हिंदुस्थानांत मिठाचे जाड थर आहेत ते राजस्थानांत बिकानेर-नागोरकडे. आमच्याकडे आहे तो कोळसा, आणि तो काढण्याचें काम दीडशे वर्षांचें जुनें आहे. वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ सालींच बंद झाली, व बल्लारपूरची तिच्या मागून चालू झाली. पुढें दुर्गापूर, लालपेठ, महाकाली, सास्ती, घुग्घुस असें करतां करतां वर्धा नदीच्या दोन्हीं कांठांस जमिनीखालीं गल्ल्यांचें जाळें पसरलें. नकाशावर पाहणारास वाटतें कीं ही तयार कणगीच आहे, फक्त झांकण बसविण्याचा अवकाश.

आमचें मत असें कीं, कोळशाच्या जुन्या गल्ल्यांत हवा कोंडण्याचा विचार करूंच नये. एक तर या खाणी उथळ आहेत. पाण्याच्या दहा मीटर स्तंभाचा जो भार तो वातावरणाच्या एका दाबाइतका. साठ दाबाची हवा पाण्याच्या भारानें आवरून धरावयाची तर सहाशे मीटर खोल जावें लागतें. आमच्या गल्ल्या त्याच्या निम्म्यानेंही खोल नाहींत. दुसरें, कोळशावर कामठी थराचा वालुकाश्म आहे. तो सच्छिद्र आहे व त्यांतच आमच्या कूपनलिकांचें पाणी आहे. ज्या खडकांतून पाणी झिरपतें त्यांतून हवा झिरपणार नाहीं काय? तिसरें, आणि आमच्या दृष्टीनें सर्वांत भयंकर, हा कोळसा हवेच्या संसर्गानें आपोआप तापून पेटणारा आहे. खाणवाले ज्या हवेला बंद झालेल्या गल्ल्यांपासून दूर ठेवण्यासाठीं भिंती बांधतात, तीच हवा पन्नास पट दाबून आंत घालावयाची म्हणजे विस्तवाला भाता लावण्यासारखें आहे.

आणि छताचें काय? २०२२ सालच्या ऑगस्टच्या २६ तारखेस घुग्घुस येथें, जुन्या भुयारी खाणीवर वसलेल्या वस्तींत, एक राहतें घर पाहतां पाहतां साठ-सत्तर फूट खोल जमिनींत गडप झालें. घरांतील माणसें वेळींच बाहेर पडलीं म्हणून वांचलीं. शेजारच्या लोकांस घरें सोडून जावें लागलें. ज्या खाणीचे खांब नुसता वरचा भार सोसण्यास पुरे पडत नाहींत, त्या खाणींत रोज एकदां दाब चढवावयाचा आणि एकदां उतरवावयाचा, हें कोणाही विचारी माणसास पटणार नाहीं. अशा गल्ल्या वाळूनें भरून टाकाव्या, हीच त्यांची योग्य विल्हेवाट.

परंतु एवढ्यानें विषय संपत नाहीं. कोळशाच्या पट्ट्याच्या पूर्वेस, मूल-सिंदेवाहीपासून तों गडचिरोलीच्या पलीकडे, जमिनीखालीं अतिप्राचीन कठीण खडक आहे. कठीण खडकांत मुद्दाम गुहा खोदून द्रव्य सांठविण्याची विद्या आपल्या देशांत आहे. विशाखापट्टणम्, मंगळूर व पादुर येथें अशा गुहांतून एकंदर ५३ लक्ष टनांहून अधिक खनिज तेल सांठविण्याची सोय केलेली आहे. कॅनडांतील एका कंपनीनें ऑन्टॅरिओ प्रांतांत गॉडरिच येथें २०१९ सालीं हवेचें लहानसें केंद्र चालू केलें आणि आतां ऑस्ट्रेलियांत ब्रोकन हिल येथें खाणीच्या परिसरांतील कठीण खडकांत २०० मेगावॅटचें केंद्र करण्याचा तिचा बेत आहे. तेव्हां उद्यां कोणी आमच्या पूर्वभागाकडे वळला तर तो वेडा ठरणार नाहीं. शेतकऱ्यानें सावध राहावयाचें तें याच ठिकाणीं.

कारण कठीण खडक म्हणजे कांहीं लोखंडी पिंप नव्हे. त्याला बारीक चिरा असतात. गुहेला अस्तर नसेल तर आंतलें द्रव्य बाहेर न जाण्याचें कारण एवढेंच कीं, भोंवतालच्या चिरांत पाणी भरलेलें असतें व त्या पाण्याचा भार आंतल्या दाबापेक्षां अधिक असतो. पाण्याची पातळी खालीं गेली कीं गुहा गळूं लागते. याचा अर्थ आमच्या वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावा. गुहेच्या मालकास आसपासची भूजलाची पातळी उंच हवी; शेतकऱ्यास उन्हाळी धानासाठीं, मिरचीसाठीं, भाजीसाठीं त्याच पाण्यावर मोटार चालवावयाची असते. गुहा झाल्यावर पांच-दहा वर्षांनीं मैल-दोन मैलांच्या आंत नवी बोअर मारूं नये असा हुकूम निघाला, तर तो हुकूम विजेच्या खात्याच्या दृष्टीनें अगदीं वाजवी असेल, आणि बांधीवाला मात्र जन्माचा बसेल. गुहेसाठीं जमीन किती गेली एवढेंच मोजून भागणार नाहीं. पाण्यावर बंधन किती कोसांवर पडणार, हें आधीं लिहून घेतलें पाहिजे.

दुसरा प्रश्न हक्काचा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, याच्या ४८ व्या कलमानें खनिजांचा हक्क सरकारकडे ठेवला आहे. त्याबद्दल येथें वाद घालीत नाहीं. पण कोळसा सरकारचा असला तरी कोळसा काढल्यावर मागें राहिलेली पोकळी कोणाची? पोकळी म्हणजे खनिज नव्हे. १९५७ च्या कोळसा-क्षेत्र अधिग्रहण कायद्याखालीं सरकारास संपूर्ण जमीन घेतां येते, किंवा जमीन तशीच ठेवून नुसता खणण्याचा हक्क घेतां येतो. भुयारी खाणीस नुसता हक्क पुरतो. वर शेतकरी नांगर धरतो, खालीं खाण चालते. ज्या हक्काची किंमत कोळसा खणण्यासाठीं म्हणून ठरली, त्याच हक्काच्या बळावर तेथें विजेचें कोठार करतां येईल काय? आमच्या मतें येऊं नये. आणि जेथें जमीनच घेतली आहे तेथें तर याहून अधिक जागें राहिलें पाहिजे; कारण एप्रिल २०२२ मध्यें केंद्र सरकारच्या मंत्रिमंडळानें असें धोरण मंजूर केलें आहे कीं, कोळसा संपलेल्या जमिनी सरकारी कंपन्यांनीं आपल्याच मालकींत ठेवून त्या कोळशाच्या व विजेच्या इतर कामांसाठीं भाड्यानें द्याव्या. ज्यांच्या बापजाद्यांनीं एका भावानें, एकदांच, त्या जमिनी दिल्या, त्यांचा या भाड्यांत कवडीचा वांटा नाहीं.

तुलना पाहा. मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजनेच्या २०२३ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत सूर्यपट्ट्यांसाठीं जमीन भाड्यानें देणारास हेक्टरीं दर वर्षीं सवा लाख रुपये, आणि त्यावर दर साल शेंकडा तीन वाढ, असा दर ठरविला आहे. जमिनीच्या पाठीवर वीज केली तर हा मोबदला. उलट, जमिनीच्या पोटांतून तेला-वायूची नळी नेली तर १९६२ च्या कायद्याप्रमाणें बाजारभावाच्या शेंकडा दहा, तेही एकदांच. भूमिगत कोठाराची योजना आली म्हणजे कंपनीचे वकील या दुसऱ्या दराकडे बोट दाखवितील, यांत आम्हांस शंका नाहीं. आपण पहिल्याकडे दाखवावें. वर्षानुवर्षें रोज भरावयाच्या व रोज उपसावयाच्या कोठारास एकदांची खरेदी लागू करणें म्हणजे घर भाड्यानें घेऊन पागडींत भागविण्याचा प्रकार आहे. वरच्या जमीनमालकास वार्षिक भाडें, घर-विहिरीस तडा गेल्यास भरपाईची लेखी हमी, आणि पाण्यावर बंधन आल्यास त्याचा वेगळा मोबदला, हीं तीन्हीं कलमें करारांत असल्याखेरीज सही करूं नये.

गडचिरोलीच्या अनुसूचित भागांत तर १९९६ चा पेसा कायदा आहे आणि २००६ चा वनहक्क कायदा आहे. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या लहानशा गांवानें २००९ सालीं आपल्या जंगलावरील सामूहिक हक्काचा कागद मिळविला, तो देशांत अगदीं आरंभींचा. अशा गांवांत जंगलाखालीं गुहा खोदावयाची तर वर एकही झाड तोडलें जात नाहीं, म्हणून ग्रामसभेला विचारण्याचें कारण नाहीं, असें म्हणणारे निघतील. खोदलेला मलबा, रस्ते, आणि पाण्याची पातळी या तीन गोष्टी त्यांना विचाराव्या.

आम्ही या विद्येचे विरोधक नाहीं. घुग्घुस-राजुऱ्याकडील शेतकऱ्याच्या कापसावर कोळशाची धूळ बसते. २०१० च्या उन्हाळ्यांत इरई धरण आटलें तेव्हां चंद्रपूर केंद्राचे संच पाण्यावांचून बंद ठेवावे लागले, इतकें पाणी ही वीज पिते. उन्हाची वीज सांठवून सायंकाळची गरज भागली आणि कोळसा कमी जळला, तर त्याचा पहिला लाभ आम्हांसच आहे. फक्त आधीं परीक्षा, मग खर्च, हा क्रम पाळावा. अमेरिकेंत आयोवा या शेतकरी प्रांतांत वालुकाश्माच्या थरांत हवा सांठविण्याची २७० मेगावॅटची योजना होती. आठ वर्षें तपास केल्यावर त्या खडकांतून हवा पुरेशा वेगानें परत येत नाहीं असें दिसून आलें, आणि २०११ सालीं त्यांनीं ती सोडून दिली. आपल्याकडे पायाभरणी झाली कीं मागें फिरण्यांत कमीपणा वाटतो. त्या लोकांस वाटला नाहीं.

राहतां राहिला आमच्या मोटारींचा प्रश्न. कोणी म्हणेल कीं कोठार झालें म्हणजे शेतकऱ्यास रात्रींही भरपूर वीज मिळेल. रात्रींची वीज आम्हांस नकोच आहे! ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, चिमूर या भागांत रात्रीं पाणी द्यावयास जाणें म्हणजे वाघाच्या वाटेवर जाणें आहे, आणि ज्या घरांतला कर्ता माणूस असा गेला त्या घरास हें समजावून सांगण्याची जरूर नाहीं. दुपारीं जी वीज उतू जाते तीच आम्हांस दुपारीं द्या. तिला दाबावें लागणार नाहीं, कोंडावें लागणार नाहीं, कीं तापवावें लागणार नाहीं.

शेतकऱ्याची वीज सांठविण्याची जागा म्हणजे पाणी. हिशेब सोपा आहे. एका युनिटानें सुमारें ३६ हजार लिटर पाणी दहा मीटर उंच चढावें; आमच्या मोटारी व नळ्या निम्मी शक्ति वायां घालवितात असें धरलें तरी १८ हजार लिटर चढतें. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद व तीन मीटर खोल अशा शेततळ्यांत बाजूंचा उतार वजा जातां दोन हजार घनमीटरांवर पाणी राहतें. तें भरण्यास सुमारें ११० युनिट, म्हणजे पांच अश्वशक्तीच्या मोटारीचे आठ-आठ तासांचे चार दिवस पुरतात. हुंटोर्फच्या पोकळींतील एक घनमीटर हवा दोन ते पावणेतीन युनिट वीज देते, आणि दहा मीटर उंचीवरील एक घनमीटर पाण्यांत युनिटाचा छत्तिसावा भाग असतो, हें खरें. शहरासाठीं म्हणून हवाच बरी. पण आम्हांस पाण्यांतून वीज परत काढावयाचीच नाहीं. पाणी हेंच आमचें इच्छित फळ. उन्हांत भरलेली बोडी तिसऱ्या दिवशीं पहांटे उतारानें आपोआप बांधींत उतरते, मोटार नको, कीं हवा नको.

आणि या बाबतींत आमचा पूर्वभाग दरिद्री नाहीं. मालगुजारीच्या काळचे शेंकडों तलाव चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत आहेत. इंग्रजी अमदानींतील असोलामेंढा व घोडाझरी हे तर मोठेच. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि पाळ कोणी बांधावी व गाळ कोणी काढावा हें ठरेनासें झालें. ज्या तलावाखालीं पूर्वीं दोन गांवें भिजत तेथें आज दसऱ्यानंतर तळ उघडा पडतो. भूमिगत गुहेस जो पैसा लागेल त्याच्या अल्पशा भागांत एका तालुक्याचे तलाव गाळमुक्त होतील. गुहेची परीक्षा होईपर्यंत दहा वर्षें जातील. तलावाचें काम येत्या माघापासून मृगापर्यंतच्या चार-पांच महिन्यांत आरंभितां येतें.

तूर्त सभासदांनीं एवढें करावें. ज्यांच्या शेताखालीं किंवा शेजारीं खाण आहे, अथवा होती, त्यांनीं आपला सात-बारा आणि १९५७ च्या कायद्याखालील अधिसूचनेची नक्कल काढून पाहावी, व संपूर्ण जमीन घेतली आहे कीं नुसता खणण्याचा हक्क, हें मंडळाच्या कार्यालयास गांव व भूमापन क्रमांकासह कळवावें. अशी यादी जमली म्हणजे तालुकावार ती या मासिकांतून छापूं.